नोलीनच्या बागेतल्या आई

२० ऑगस्ट २०१६, शनिवार

यंदा बागेचं सगळं तारखेनिशी लिहायचं ठरवलंय. गेल्या वर्षी टोमॅटो का गेले, कोथिंबीर बोटभर होऊन लगेच फुलावर का आली, आता काहीच आठवत नाही. चिडचिड तेवढी आठवते. मी इमारतींची डिझाइनं करते, भूकंपात त्या उभ्या राहाव्यात हे माझं काम. आणि माझ्याच घरामागे टोमॅटोचं रोप उभं राहत नाही.

आईंना येऊन आठवडा झाला. आई म्हणजे सुगतच्या आई, कलावतीबाई. पिंपरीला आयुष्यभर नर्स होत्या. सासरे गेल्यापासून तिथल्या फ्लॅटमध्ये एकट्या असतात. सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्यात. या सहा महिन्यांत त्यांना न्यूझीलंडमधलं आमचं लोअर हट इतकं आवडलं पाहिजे, की त्यांनी स्वतःहून म्हणावं, मी आता तुमच्याकडेच राहते. मग पुढचं बघू.

म्हणून यंदा बाग मनावर घेतलीय. सुगतनं आणि मी चार लाकडी वाफे केलेत, चारही एका रेषेत, लेव्हल लावून. मागच्या डेकवर आईंना खुर्ची टाकून दिली. म्हटलं, "तुम्ही आता फक्त बसायचं. जन्मभर वॉर्डात उभ्या होतात."

"बसून काय करू?"

"बघा. मी लावते, तुम्ही खा."

त्यांनी बघितलं. माझ्या वाफ्यांकडे थोडा वेळ आणि कुंपणापलीकडे बराच वेळ. पलीकडे नोलीन राहते. ऐंशीच्या पुढची, एकटी. तिच्या बागेत एक ओळ सरळ नाही. गुलाबाच्या बुडाशी सिल्व्हरबीटची पालेभाजी, त्यात लसूण, मध्येच एक जुना बाथटब आणि त्यात गाजरं. इथे ऑगस्ट म्हणजे भर थंडी, तरी सगळं जोमात.

मला ती बाग कधीच आवडलेली नाही.

१० सप्टेंबर, शनिवार

टोमॅटो आणि मिरच्यांचं बी हॉलच्या खिडकीत ट्रेमध्ये लावलं होतं. छान उगवलं होतं. काल दुपारी आईंनी सगळ्या ट्रेंमध्ये तांब्या-तांब्या पाणी ओतलं. निम्मी रोपं माना टाकून आडवी झाली.

मी चिडले नाही. हसूनच म्हटलं, "राहू दे हं आई, हे मी बघते." संध्याकाळी खिडकीला चिठ्ठी लावली, 'पाणी घालू नये'. सुगत म्हणाला, "सरकारी ऑफिसात आल्यासारखं वाटतंय." पण तोंडानं बोलण्यापेक्षा हे बरं. आमच्यात कधी वाद होत नाहीत. ऑफिसात निवेदिता तिच्या सासूचं रडगाणं गाते तेव्हा मी गप्प बसते, कारण माझ्याकडे सांगायला काही नसतं. माझी आई मी आठ वर्षांची असताना गेली. लग्नानंतर पुन्हा कुणाला तरी आई म्हणायला मिळालं. इतक्या वर्षांत ही बाई मला एकदाही टोचून बोललेली नाही.

१५ सप्टेंबर, गुरुवार

इथल्या वॉटर्लू स्टेशनवरून चालत घरी आले तर डेकवरची खुर्ची रिकामी. पलीकडून हसण्याचा आवाज. आई नोलीनच्या बागेत, पायात नोलीनचे गमबूट, पदर खोचलेला, हातात खुरपं. नोलीन काहीतरी हातवारे करून सांगत होती आणि आई हसत होत्या. तोंडावर हात न ठेवता. आईंना असं हसता येतं हे मला माहीत नव्हतं.

आईंचं इंग्रजी वॉर्डातलं. 'पेन?', 'ब्रीद इन', 'टेक रेस्ट'. नोलीनला मराठीचा गंध नाही. एवढ्या भांडवलावर दोघी काय बोलतात?

"काय बोलत होतात?" जेवताना मी विचारलं.

"काही नाही. गोगलगायींचं."

मला गोगलगायींबद्दल त्या कधी काही बोललेल्या नाहीत. माझ्या मेथीवर कितीतरी गोगलगायी आहेत.

१ ऑक्टोबर, शनिवार

इराच्या तोंडून कळलं. आमच्या नऊ वर्षांच्या पोरीला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीतच येतं. म्हणाली, "नोलीन कॉल्स हर कला. आजी लाइक्स इट."

कला. सासऱ्यांनीसुद्धा त्यांना कधी नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. आणि ही बाई, जिला कलावती म्हणता येत नाही म्हणून तिनं नाव अर्ध्यात मोडलं, तिची हाक आवडते.

काल आईंनी तिच्या सिल्व्हरबीटची पातळ भाजी केली, पालकाची करतात तशी, डाळ-दाणे घालून. सुगतनं तीनदा घेतली. मी म्हणाले, मीठ कमी आहे. मीठ बरोबर होतं.

आज वाचलेली सगळी टोमॅटोची रोपं बाहेर वाफ्यात लावली. आई बाजूला येऊन उभ्या राहिल्या. "नोलीन म्हणते, लेबर वीकेंडच्या आधी लावायचे नाहीत. अजून गारठा पडतो म्हणते."

"बघू या की."

लेबर वीकेंडला अजून तीन आठवडे आहेत. नोलीनच्या आधी माझा लाल टोमॅटो आईंच्या ताटात पडला पाहिजे. असं वाटणं बालिश आहे हे मला कळतं. तरी लावले.

९ ऑक्टोबर, रविवार

सकाळी पडदा उघडला तर गवत पांढरं. फ्रॉस्ट. टोमॅटो काळे पडलेत, शिजवलेल्या पालेभाजीसारखे. एकही वाचला नाही.

आई शाल घेऊन बाहेर आल्या, वाफ्याशी उभ्या राहिल्या आणि आत गेल्या. 'सांगितलं होतं' असं तरी म्हणाव्यात. मग मला उत्तर देता आलं असतं.

दुपारी डेकवर दह्याच्या रिकाम्या डब्यांत टोमॅटोची सहा रोपं. ठेंगणी, जाड बुंध्याची. नोलीननं पाठवलेली, आईंनी आणलेली. मी थँक्यू म्हणून आले. रोपं शेडमागे ठेवलीत. तिथे ऊन येत नाही.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. मी अर्धा दिवस सुट्टी घेतली. आईंनी खीर केली, वेलची घालून. सकाळी आम्ही सगळ्यांनी वंदना म्हटली, इरानंसुद्धा, अडखळत. फार छान वाटत होतं.

मग आईंनी पहिली वाटी भरली, वर बशी झाकली आणि कुंपणाकडे निघाल्या.

पहिली वाटी. मी, सुगत, इरा टेबलाशी बसलेले. सुगतला मी म्हटलं, हे बरं दिसतं का? तो म्हणाला, "म्हातारी एकटी आहे, सुरभी. आणि खीर पातेलंभर आहे."

"प्रश्न खिरीचा नाही."

"मग कशाचा आहे?"

मी वाट्या मांडायला उठले.

१६ ऑक्टोबर, रविवार

आज आई आणि इरा लायब्ररीत गेल्यावर मी नोलीनकडे गेले. तिनं चहा केला. मी नीट, गोडीत बोलले. म्हटलं, माझ्या सासूबाईंना ब्लडप्रेशर आहे, गुडघेही दुखतात, पण भिडेपोटी त्या तुला नाही म्हणत नाहीत. खणायचं, वाकायचं काम नको. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय.

तिचा चेहरा एकदम उतरला. "ओह, डिअर. मला कसं कळलं नाही?" तीन-तीनदा सॉरी म्हणाली. मीच तिला समजावलं.

खोटं म्हणावं तर पूर्ण खोटं नाही. या वयात गुडघे कुणाचे दुखत नाहीत?

२४ ऑक्टोबर, सोमवार, लेबर डे

दुकानातून चांगली मोठी रोपं आणून लावली. आता फ्रॉस्टची भीती नाही. वाटाण्याचे वेल चढतायत, कोबी भरतोय.

आठवडा छान गेला. आई घरीच होत्या. संध्याकाळी मी आले की डेकवर त्यांच्या शेजारी बसते, कोबी दाखवते. त्या बघतात, "छान आहे" म्हणतात. नोलीन लांबूनच हात करते आणि आत जाते.

आज आईंनी विचारलं, "नोलीन रागावलीय का माझ्यावर?"

"छे. वय झालंय तिचं. थकत असेल."

"मी काही चुकीचं उपटलं असेल तिचं. ते गवतासारखं होतं, ते कदाचित गवत नसेल."

"मनाला लावून घेऊ नका, आई."

जेवणं कमी झालंय त्यांचं. अर्धी भाकरी खाल्ली. हवा बदलल्याचं असणार. इथला वारा सोसत नाही पहिल्यांदा.

६ नोव्हेंबर, रविवार

कोबीवर पांढरी फुलपाखरं आली आणि आठवड्यात पानांची चाळण झाली. रोज हिरव्या अळ्या वेचतेय. नोलीननं तिच्या कोबीवर जुना पडदा टाकलाय. तेवढंच. तिचा कोबी अखंड.

सुगत आज म्हणाला, "आई विचारत होती, तिकीट अलीकडचं करता येईल का."

मला कळेना. इथे त्यांना काय कमी आहे? कामाला हात लावू देत नाही, सकाळचा चहासुद्धा मी खोलीत नेऊन देते. मी सुगतला विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाल्या का. तो म्हणाला, "तुझं कौतुकच करत होती. म्हणाली, सुरभी मला काही म्हणजे काही करू देत नाही."

मग परत का जायचंय?

१९ नोव्हेंबर, शनिवार

आज पाच दिवसांनी बसायला मिळालं.

सोमवारी मध्यरात्रीनंतर भूकंप झाला. फार वेळ हलत होतं. मी नुसती भिंतींकडे बघत होते, कुठे तडा जातोय का. आम्ही सगळे धड. सकाळी ऑफिसचा फोन आला आणि तेव्हापासून मी शहरात इमारती तपासतेय. मंगळवारी वरून वादळ आणि पूर, हायवे बंद. सोमवारपासून चारही रात्री निवेदिताच्या घरीच झोपले. बाग डोळ्यासमोर नव्हती हे खरंच.

काल संध्याकाळी घरी आले तर स्वयंपाकघरात नोलीन बसलेली. एक पाय स्टुलावर, त्याला स्वच्छ पट्टी. आई तव्याशी, इरा दोघींच्या मध्ये बसून इकडचं तिकडे सांगत होती. भूकंपात नोलीनच्या फळीवरच्या मुरंब्याच्या बरण्या फुटल्या आणि अंधारात तिचा पाय काचेवर पडला. सकाळी मी निघाल्यावर आई कुंपण ओलांडून गेल्या होत्या. काच काढली, जखम धुतली, सुगतला गाडी काढायला लावून टाके घालून आणले. हे सगळं मला फोनवर कुणी सांगितलं नव्हतं. सुगत म्हणाला, "तू कामात होतीस."

नोलीन मला म्हणाली, "ती इतका वेळ उभी आहे. ब्लडप्रेशर असताना चालतं का हे?"

इरानं लगेच आजीला मराठीत सांगितलं. एरवी विनवण्या केल्या तरी मराठी बोलत नाही.

"मला ब्लडप्रेशर? कुणी सांगितलं?"

"मम टोल्ड हर," इरा नोलीनला विचारून म्हणाली. "अँड यू कान्ट डिग."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मग तव्यावरची भाकरी उलटली. "नोलीनला चटणी तिखट लागेल," त्या मला म्हणाल्या, "तूप दे."

मी तूप दिलं.

२० नोव्हेंबर, रविवार

सकाळी बाहेर गेले तर आई माझ्या वाफ्यात. वादळानं वाटाणा जमिनीला लोळवला होता, तो उचलून काठ्यांना बांधत होत्या. मला विचारलं नव्हतं. पहिल्यांदाच.

"कधीपासून आहे मला ब्लडप्रेशर?"

"चुकलं, आई."

"चुकलं ते कळलं. का केलंस, ते विचारतेय."

उत्तरं तयार होती माझ्याकडे. गुडघे, गारठा, वय. तोंडातून निघालं, "तुम्ही तिच्याकडे हसता. माझ्याशी कधी तशा हसत नाही."

त्यांचे हात थांबले नाहीत. "तुझ्याकडे मी जपून असते, सुरभी. चिठ्ठ्या वाचते. पाणी घालू नये. झाकण घट्ट लावणे. पाहुणी आल्यासारखी राहते. पाहुणी कुठे हसते खदाखदा?"

"मी तुम्हाला आराम मिळावा म्हणून…"

"पस्तीस वर्षं मी लोकांना आराम करा म्हणून सांगितलं. कुणाला सांगतात ते मला ठाऊक आहे."

मला रडू आलं. मोठ्यानं, लहान मुलीसारखं. शेजारच्यांना ऐकू गेलं असेल. मला वाटलं त्या जवळ घेतील. त्यांनी घेतलं नाही.

"सुतळी दे," म्हणाल्या. "नाही, ती नाही. लांब आहे ती."

आम्ही दुपारपर्यंत वाटाणा बांधला.

संध्याकाळी नोलीनकडे गेले. मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "मी तुझ्या जागी असते तर कुंपण उंच केलं असतं, डिअर." हसत म्हणाली, पण तिचे डोळे ओले होते. "मला वाटलं होतं, कंटाळली ती मला."

११ डिसेंबर, रविवार

एक वाफा आईंना दिला. म्हणजे त्यांनीच घेतला. "हा माझा," म्हणाल्या. त्यात मेथी, कोथिंबीर, मध्येच बीट, कडेला नोलीनचा लसूण. एक ओळ सरळ नाही. आणि मेथी अशी आलीय की काय सांगू. माझी मेथी शेजारच्याच वाफ्यात, त्याच मातीत, त्याच बियाण्याची, पिवळी पडून उभी आहे.

आता मला आईंच्या वाफ्याचाही हेवा वाटतो. सुगतला सांगितलं तर तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

तिकीट अलीकडचं करायचा विषय पुन्हा निघाला नाही. मीही काढला नाही.

२२ जानेवारी २०१७, रविवार

हा उन्हाळा म्हणायचा का? महिनाभर नुसता वारा आणि पाऊस. आज दक्षिणेचं वारं सुटलंय, घरात हीटर लावलाय, जानेवारीत. टोमॅटो गोटीएवढे, हिरवेगार, लाल व्हायचं नाव नाही.

कुंपणावरून बघितलं. नोलीनचेही हिरवेच. मला फार बरं वाटलं. मग लाज वाटली, पण बरं वाटलं ते आधी.

शेडमागे एक गंमत झाली. ती सहा रोपं मी विसरूनच गेले होते. पाच वाळली होती. सहावं डब्यातून मूळ काढून जमिनीत गेलंय, सावलीतच वीतभर वाढलंय, त्याला एक फूल आहे. आईंनी ते पाहिलं. डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"इथे कशी ठेवलीस?"

"मुद्दाम," मी म्हटलं.

"हं," म्हणाल्या, आणि खुरपं आणायला गेल्या.

१२ फेब्रुवारी, रविवार

आई काल गेल्या.

गेल्या आठवड्यात सुगतनं विचारलं, कायमचं इथे यायचं बघायचं का आपण. त्या म्हणाल्या, "नको. तिथे माझं घर आहे, माझ्या बरोबरीच्या बायका आहेत, विहार आहे. दर वर्षी येईन. ऑगस्टमध्ये. पेरणीच्या आधी." इतकं सहज म्हणाल्या की त्यावर बोलायला जागाच उरली नाही. आम्ही सहा महिने ज्यासाठी धडपडलो ते झालं नाही. मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वाईट वाटलं. तरी वाटलं.

नोलीनही एअरपोर्टवर आली होती, काठी घेऊन. दोघी एकमेकींना धरून रडल्या. नोलीन "कला, कला" म्हणत होती. आई मराठीतच बोलत होत्या, "पायाला जप, ओल्यात जाऊ नको." नोलीन मान हलवत होती, सगळं कळल्यासारखी.

माझ्यापाशी आल्या तेव्हा डोळे पुसून झाले होते. म्हणाल्या, "मेथी खुडून घे, नाहीतर फुलावर जाईल. कोथिंबिरीचं बी धरून ठेव. हिरव्या टोमॅटोची चटणी कर, वाट बघत बसू नको. आणि डोक्यावर टोपी घालत जा, कपाळ दुखतं तुझं."

मग सुगतला जवळ घेतलं, इराला घेतलं, आणि गेल्या.

तिच्यासाठी रडल्या. माझ्या वाट्याला सूचना आल्या. परत येताना गाडीत मी हे सुगतला बोलूनही दाखवलं. तो नुसता माझ्याकडे बघून हसला. यात हसण्यासारखं काय होतं?

२६ मार्च, रविवार

हिरव्या टोमॅटोची चटणी केली. शेंगदाण्याचं कूट घालून. एक बाटली नोलीनला दिली. तिला तिखट लागली, पण तिनं टोस्टवर लावून संपवली.

आईंचा रविवारचा व्हिडिओ कॉल येतो. आज माझ्याशी चार वाक्यं बोलून त्या म्हणाल्या, "नोलीन दिसतेय का बाहेर?" दिसत होती. बाथटबमधली गाजरं काढत होती.

मी फोन घेऊन कुंपणाशी गेले. नोलीनला हल्ली हातात फोन धरता येत नाही, बोटं थरथरतात. म्हणून मी कुंपणावरून हात लांब करून तिच्यासमोर धरला. नोलीननं एक गाजर वर करून दाखवलं. दोन पायांचं, वाकडं. पिंपरीत आई खळखळून हसल्या. मग त्यांनी गॅलरीतली कुंडी दाखवली, नोलीनच्या लसणाची, जो त्या गुपचूप घेऊन गेल्या होत्या. दोघी सुरू झाल्या. एक मराठीत, एक इंग्रजीत. मध्ये मला कुणी काही विचारलं नाही. फोनचा पडदा नोलीनकडे होता, मला फक्त आवाज ऐकू येत होते.

वाईट वाटलं का? वाटलं. अजून वाटतं. वाटायचं बंद होईल असं मला वाटत नाही.

हात भरून आला. दुसऱ्या हातात घ्यावा म्हटलं, पण आई काहीतरी मोठं सांगत होत्या, आणि हात बदलला असता तर चित्र हललं असतं. तसाच धरून ठेवला.